अडीच मिनिटांचं इंजिनिअरिंग

शाळकरी मुलांना इंजिनिअरिंगची ओळख व्हावी म्हणून रोबोटिक्सची स्पर्धा आहे, असं ताईने फोनवर सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. आपल्याकडे ही ओळख करून द्यावी लागते? पोराने खेळण्यातली मोटार उघडली की आजी म्हणते, इंजिनिअर होणार. परत जोडता आली नाही तरी तिचं मत बदलत नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि मग तर गावोगावी, माळामाळांवर कॉलेजं उगवली. आता कॅप राउंड, कटऑफ आणि पॅकेज हे शब्द आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही पाठ आहेत. इंजिनिअर दिवसभर नेमकं करतो काय, एवढंच काय ते कुणाला सांगता येत नाही.

आमचे भावोजी मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. घरातला नळ गळायला लागला की ते त्याचा फोटो काढतात, त्यावर लाल बाण काढतात आणि प्लंबरला पाठवतात. मी मराठी घेऊन एमए झालेलो, त्यामुळे भाचीच्या रोबोचं खोकं उचलायचं काम ओघानेच माझ्याकडे आलं.

स्पर्धा म्हणजे एक मोठं टेबल, त्यावर छापील नकाशा आणि अडीच मिनिटं. तेवढ्यात रोबोने आपल्या आपण जायचं, दांडे ढकलायचे, ठोकळे उचलायचे. मुलांनी हात लावायचा तो फक्त कोपऱ्यातल्या त्यांच्या घरात. बाहेर लावला तर गुण जातात. आदल्या रात्री ताईच्या हॉलमध्ये हा रोबो काळ्या रेषेवरून असा चालला होता की आजोबांनी टाळ्या वाजवल्या. इथे शिट्टी वाजली आणि तो रेषा ओलांडून थेट पंचांच्या बुटांकडे निघाला.

पालकांच्या रांगेत तत्काळ चौकशी समिती बसली. टेबलच तिरकं आहे. त्या शाळेचा रोबो वडिलांनी बनवलाय. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. (त्या वेळी काय होतं, ते कुणी सांगितलं नाही.) भावोजी म्हणाले, "प्रोसेसमध्ये गॅप आहे." भाची मात्र शांतपणे वर दिव्यांकडे बघत होती. "मामा, घरी ट्यूबलाइट होती. इथे हे केवढे दिवे! सेन्सर रेषेवरून परत आलेला उजेड मोजतो. इथलं काळं त्याला काळं वाटतच नाहीये." मग तिने त्याला इथलं पांढरं आणि इथलं काळं नव्याने दाखवलं. पुढच्या फेरीत तो रेषेवर राहिला, पण वळताना कमी वळला. बॅटरी उतरली होती, चाकं मंदावली होती आणि वळण सेकंदांवर मोजलेलं होतं. सेकंदांऐवजी चाकाचे फेरे मोजायला हवेत, हे टीममधल्या चार जणांत भांडून ठरलं. चार्जरची वायर ज्या शाळेकडून उसनी आणली, तीच पुढच्या फेरीत यांच्यासमोर होती.

हा उसनवारीचा संस्कारही आयात झालेला आहे. डीन केमेन या अमेरिकन संशोधकाला वाटायचं की पोरं खेळाडूंना डोक्यावर घेतात, तसं इंजिनिअरांनाही घ्यावं. १९८९ साली त्याने 'फर्स्ट' ही संस्था काढली आणि १९९२ साली न्यू हॅम्पशरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये पहिली स्पर्धा भरवली. एमआयटीचे वुडी फ्लॉवर्स यांनी तिला वळण लावलं: जीव तोडून लढा, पण समोरच्याचा स्क्रू हरवला तर शोधायला मदत करा. आमच्याकडे सोसायटीच्या क्रिकेटमध्ये हे अजून पोचायचंय.

पुण्याने मात्र रोबोंच्या स्पर्धांवर आपली छाप सोडलेली आहे. आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची रोबोकॉन २००८ साली बालेवाडीला झाली, तेव्हा विषय होता दहीहंडी! देशोदेशीचे रोबो लोणी पळवायला आले आणि हंडी चिनी गोविंदांनी मारली. २०१४ साली ती पुन्हा पुण्यात आली, तेव्हा विषय पालकत्वाचा होता. पालक रोबोने मूल रोबोला उचलून झोपाळ्यावर, सीसॉवर न्यायचं. त्यात पालक रोबो माणसाने चालवायचा आणि मूल रोबो स्वयंचलित. हा नियम ज्याने लिहिला, त्याच्या घरी त्या वर्षी दहावीचं पोर असणार.

इकडे भाचीच्या स्पर्धेत शेवटी परीक्षकांनी मुलांना आत बोलावलं. दार उघडंच होतं, त्यामुळे पालकांचे कानही आत गेले. परीक्षकबाईंनी विचारलं, "काय काय बिघडलं?" आयुष्यात पहिल्यांदा या प्रश्नावर पोरांचे चेहरे खुलले. सगळे एकदम बोलू लागले. एका आईने बाहेरून "बॅटरी! बॅटरी सांग!" असं सुचवलं, तेव्हा एका स्वयंसेवकाने अदबीने दार लावलं.

नंबर आला नाही. परतताना चांदणी चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, तेव्हा मागच्या सीटवरून प्रश्न आला.

"बाबा, तू ऑफिसमध्ये असंच करतोस ना? बिघडलेलं शोधायचं, मग परत करून बघायचं?"

"मी मीटिंग घेतो."

"आणि बिघडलेलं कोण शोधतं?"

भावोजींनी आरशात माझ्याकडे एकदा पाहिलं.

"व्हेंडर."