दोनशेवाले

तेलगावच्या चौफुलीवर माणूस आधी आकड्यावरून ओळखला जातो, मग नावावरून. बीडहून परळीकडे जाणारा रस्ता इथं माजलगाव-धारूर रस्त्याला छेदतो, त्यामुळं चहाच्या हॉटेलात चारी दिशांचे आकडे येऊन टेकतात. कुणाचं बोअर ६०० फुटांवर गेलं, कुणाची मोटार साडेसातची, कुणाचा ट्रॅक्टर ४५ चा, कुणाच्या टोळीत किती कोयते. साखर कारखान्याच्या गावात उसाची जातसुद्धा आकड्यातच बोलली जाते: ८६०३२, २६५, १०००१. एवढ्या आकड्यांत वाढलेल्या माणसानं सायकलही आकडा बघून घेतली, तर दोष त्याच्या एकट्याचा कसा म्हणावा?

दोनशेवाले त्यातलेच. त्यांना आडनाव आहे, पण ते आता फक्त सातबाऱ्यावर उरलंय.

वय चाळिशीच्या काठावर. चाकणला काही वर्षं कंपनीत काढून गावी परतलेले. रस्त्यालगत ठिबकच्या साहित्याचं दुकान, मागं चार एकर ऊस. पोटाचा घेर वाढला तेव्हा डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितली. कारखाना हंगामभर साखरेचा उतारा वाढवायच्या खटपटीत, आणि दोनशेवाले स्वतःचा कमी करायच्या. त्या खटपटीत त्यांनी गिअरची सायकल आणली. डोंगरात चालवायची, जाड टायरची, पुढच्या चाकाला शॉकॲब्सॉर्बर असलेली. आकार कुठला हवा, असं दुकानदारानं विचारलं, तर यांनी शर्टाची कॉलर उलटून दाखवली. शर्ट एल, म्हणून सायकलही एल. दुकानदार एम म्हणत होता. पण पैसे तेवढेच पडत असताना छोटी वस्तू घ्यायची, हे त्यांच्या घराण्यात कुणी केलेलं नाही.

मग आली सीट. साधी सीट तर पोस्टमनच्याही सायकलीला असते. दोनशेवाल्यांनी ड्रॉपर सीटपोस्ट मागवलं.

ड्रॉपर म्हणजे बसल्या जागी खाली-वर होणारी सीटची नळी. हँडलला एक छोटा खटका असतो. तो दाबून सीटवर भार दिला की सीट खाली जाते, खटका सोडला की तिथंच थांबते. भार काढून पुन्हा दाबला की आतला दाबलेला वायू तिला वर ढकलतो. सपाटीला आणि चढाला सीट उंच हवी, कारण पाय जवळजवळ पूर्ण लांब झाला तरच पायंडलवर जोर नीट बसतो. दगडधोंड्यांच्या उताराला ती खाली हवी, म्हणजे अंग खाली-मागं नेता येतं आणि पुढचं चाक दगडाला अडलं तरी हँडलवरून पलीकडं जायची पाळी सहसा येत नाही. सीट किती खाली जाते त्याला ट्रॅव्हल म्हणतात. तो मिलिमीटरमध्ये मोजतात: १००, १२५, १५०, १७५, २००, आणि त्याच्याही वर. या रांगेतला १२५ चा आकडा दुकानदारानं सुचवला, तेव्हा दोनशेवाल्यांना तो आपल्या चार एकरांचा अपमान वाटला. त्या दिवसापासून ते दोनशेवाले.

गड्याचा अभ्यास मात्र कच्चा नाही. समोर कुणी बसलेलं दिसलं की चहा सांगून ते इतिहासाला हात घालतात. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या टॅमलपायस डोंगरावर १९७० च्या दशकात पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली उतारावर सोडायची. डोंगरी सायकलींचा खेळ तिथं वाढला. उतार आला की उतरायचं, सीट खाली करायची. चढ आला की परत उतरायचं, परत वर करायची. याचा वैताग येऊन त्यांच्यातल्याच जो ब्रीझ आणि जॉश एंजल यांनी १९८४ मध्ये ‘हाइट राइट’ नावाची एक स्प्रिंग काढली. तिच्यामुळं सायकलवरून न उतरता सीट खाली-वर करता येऊ लागली. पुढं २०१० मध्ये रॉकशॉक्स कंपनीचं ‘रिव्हर्ब’ ड्रॉपर आलं आणि हँडलवरचा खटका घरोघरी पोचला. घरोघरी म्हणजे तिकडच्या.

शेवटचा अध्याय त्यांचा सगळ्यात आवडता. १९ मार्च २०२२, इटलीतली मिलान-सानरेमो शर्यत, अंतर २९३ किलोमीटर. शर्यत डांबरी रस्त्याची आणि सायकली बारीक टायरच्या. स्लोव्हेनियाच्या माटेय मोहोरिचनं आपल्या सायकलीला ड्रॉपर लावलेलं. शेवटच्या पोजिओ टेकडीच्या उतारावर त्यानं सीट खाली घेतली, अंग दुमडलं, आणि भल्याभल्यांना मागं टाकून शर्यत मारली.

“मग त्याचं पण २०० चंच आसंल?” ऐकणाऱ्यातल्या एखाद्या तात्यांनी विचारलं, की दोनशेवाले चहाचा दुसरा कप सांगतात. कारण मोहोरिचची सीट उतरत होती जेमतेम काही सेंटीमीटर. तेवढ्यावर त्यानं सानरेमो जिंकलं.

“अन् तुला कामून एवढं लागतंय रं?”

या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडं नाही. आहे ते त्यांच्या पायांकडं, आणि पाय कुणी मोजलेले नाहीत.

ते मोजायला फार काही लागत नाही. अनवाणी पायानं भिंतीला टेकून उभं राहायचं, दोन पायांच्या मध्ये एक पुस्तक जांघेला भिडेपर्यंत वर घ्यायचं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. टूर द फ्रान्स तीनदा जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडच्या नावानं एक जुनं सूत्र चालतं: या अंतराला ०.८८३ नं गुणायचं, की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. सूत्र अंदाजाचं आहे, पण सुरुवातीला पुरतं. दोनशेवाल्यांसारख्या मध्यम चणीच्या माणसाचं माप ७८ सेंटीमीटर धरलं, तर सीट हवी साधारण ६८.९ वर.

आता त्यांची एल फ्रेम. तिची सीटची नळी क्रँकपासून वरच्या कॉलरपर्यंत, म्हणजे सीटचं पोस्ट आवळायच्या कड्यापर्यंत, ४६ सेंटीमीटर. उरले २२.९. त्यातून सीटची स्वतःची जाडी, म्हणजे खालच्या सळ्यांपासून माथ्यापर्यंतचे ५, वजा केले की हातात राहतात १७.९ सेंटीमीटर. ड्रॉपरला बसायला जागा एवढीच. ड्रॉपरलाही ट्रॅव्हल सोडून वरचा क्लॅम्प आणि मधलं बोंड मिळून पाचेक सेंटीमीटर लागतात. १२५ चं पोस्ट मागतं १७.५, ते बसतं. १५० चं मागतं २०, ते बसत नाही. आणि २०० चं मागतं २५.

म्हणजे पूर्ण वर केलेली दोनशेवाल्यांची सीट हवी त्यापेक्षा सात सेंटीमीटर उंच उभी राहते. त्या उंचीवरून पायंडल मारताना कंबर डावी-उजवीकडं डुलते, टाचा हवेत राहतात आणि मागून पाहणाऱ्याला वाटतं की हा माणूस सायकलवरून काहीतरी शोधतोय. गाव हसायला लागलं तेव्हा दोनशेवाल्यांनी तोड काढली. ड्रॉपर मध्येच कुठंही थांबवता येतं. म्हणून ते सीट पूर्ण वर येऊच देत नाहीत. सात सेंटीमीटर खाली, अंदाजानं थांबवतात. अंदाज कधी पाचवर चुकतो, कधी नऊवर. दर चढाला हा लिलाव नव्यानं होतो.

हिशेब इथं गमतीचा होतो. पूर्ण खाली गेली की २०० वाली सीट आणि १२५ वाली सीट एकाच जागी, कॉलरला टेकलेली असते. वर यायला यांना परवानगी १२.९ सेंटीमीटरचीच. म्हणजे दोनशेंतून वापरात येतात १२९ मिलिमीटर. ज्या १२५ ला अपमान समजून नाकारलं, त्याच्यावर यांनी चार मिलिमीटरचा विजय मिळवलाय.

खरी गंमत पुढं आहे. हाच माणूस, हेच पाय, पण दुकानदार म्हणत होता ती एम फ्रेम घेतली असती आणि तिची नळी ४० सेंटीमीटरची असती, तर जागा मिळाली असती २३.९. त्यात १७५ चं पोस्ट आरामात बसलं असतं. काही पोस्टचा ट्रॅव्हल आत छोटी पट्टी घालून कमी करता येतो. तशी सोय असलेलं २०० चं पोस्ट १८० वर आणलं असतं, तर तेही चाललं असतं. पाय तेच असले तर मोठी फ्रेम ट्रॅव्हल खाते. दोनशेवाल्यांनी पहिला मोठा आकडा घेतला आणि त्यानं दुसरा गिळला. मोठ्या फ्रेमला मोठा ड्रॉपर, हा जो तक्ता सांगितला जातो, तो मोठ्या फ्रेमवर लांब पायांचा माणूस बसणार हे गृहीत धरून केलेला असतो. म्हणूनच हल्ली बऱ्याच कंपन्या डोंगरी सायकलींची सीटची नळी मुद्दाम आखूड ठेवतात. स्पेशलाइज्डनं तर आपल्या काही डोंगरी सायकलींना एस १ ते एस ६ असे आकार देऊन टाकले आणि माणसाला उंचीऐवजी सायकलीच्या लांबीवरून निवडायला सांगितलं.

यातलं दोनशेवाल्यांना कळत नाही असं नाही. २६५ चं टनेज जास्त पडतं, पण साखर उताऱ्याला ८६०३२ बरा, यावर ते कारखान्याच्या कुठल्याही शेतकी अधिकाऱ्याशी तासभर बोलू शकतात. शिवारात मोठा आकडा आणि कामाचा आकडा वेगळा असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. सायकलीवर बसले की मात्र विसर पडतो.

कॉलरच्या खालचीही एक जागा असते, तिकडं त्यांचं लक्ष उशिरा गेलं. २०० चं पोस्ट एकूण अर्ध्या मीटरच्या आसपास लांब. त्यातलं पंचवीस-तीस सेंटीमीटर फ्रेमच्या पोटात जायला हवं. नळीला वाकण असेल, मागच्या शॉकचा सांधा मध्ये असेल किंवा बाटलीच्या स्टँडचे नट आत आलेले असतील, तर पोस्ट तिथंच अडतं. दोनशेवाल्यांचं बाटलीच्या नटांना अडलं. त्यांनी बाटलीचा स्टँड काढला आणि नटही काढून टाकले. तेव्हापासून पाणी खिशात. पोस्टच्या जाडीचीही तीच तऱ्हा. ३०.९ आणि ३१.६ या दोन मापांत फरक फक्त ०.७ मिलिमीटरचा. बारीक पोस्ट जाड नळीत मधलं कडं घालून बसवता येतं, पण जाड पोस्ट बारीक नळीत कुणाच्याही वशिल्यानं जात नाही.

गावातल्या मिस्त्रींनी एकदा लांब पान्ह्यानं कॉलर अशी आवळली की सीट वर यायचीच बंद झाली. ट्रॅक्टरच्या नटाला शोभेल असा जोर ड्रॉपरला चालत नाही. कॉलरला पाचेक न्यूटन-मीटरच पुरतात, जास्त झालं की बाहेरची नळी दबून आतली अडकते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकांना आणि पोस्टच्या रबरी सीलला बिलगतो, तो फडक्यानं पुसावा लागतो. हे काम दोनशेवाले निष्ठेनं करतात. वापरापेक्षा पुसणं जास्त होतं, असं घरचे म्हणतात.

तेलगावात ड्रॉपरची गरज आहे का, हा प्रश्न रास्त आहे. माजलगाव धरणाच्या कालव्याकाठची जमीन सपाट. तिथं सीट खाली घ्यायची ती फक्त कारखान्याकडं निघालेल्या ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांना वाट देताना. धारूरचा घाट वळणांचा, पण डांबरी. मात्र घाट चढून डांबर सोडलं, बालाघाटच्या उतारावर मुरमाच्या आणि शेळ्यांच्या वाटांना लागलं, की सैल दगड, घळी आणि सीताफळीची झुडपं सुरू होतात. तिथं हा खटका पैसे वसूल करून देतो. दोनशेवाले तिथं जातात आणि उतरतातही चांगले. खाली आलेली सीट कुठल्या आकड्यावरून खाली आली, हे डोंगराला माहीत नसतं.

आणि या माणसाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. सायकली एका मापाच्या, मुली मात्र एका मापाच्या नसतात. गुडघे हँडलला लागत असताना दोन वर्षं तशाच चालवणाऱ्या पोरी रस्त्यानं जाताना दिसल्या, की दोनशेवाले दुकानातून पान्हा घेऊन बाहेर येतात. “बस गं ताई. टाच पायंडलवर ठेव. पायंडल पार खाली ने. आता पाय सरळ झाला का?” टाच टेकवून पाय सरळ झाला की चवड्यानं मारताना गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. नट सैल करायचा, सीट दोन बोटं वर, नळीवरची कमीतकमीची खूण आतच आहे ना ते बघायचं, नट आवळायचा. आकड्याचा उच्चार नाही, इतिहास नाही, चहाही नाही. मिनिटभरात पोरगी पुढं गेलेली असते.

तेव्हा ज्यांना ड्रॉपर घ्यायचं आहे, त्यांनी चार मापं कागदावर लिहून दुकानात जावं: नेहमीच्या उंचीवर सीट ठेवून कॉलरपासून सीटच्या सळ्यांपर्यंतचं अंतर, कॉलरखाली नळीत सरळ जागा किती ते, नळीचा आतला व्यास आणि आपल्या पायाची लांबी. शर्टाची कॉलर दाखवू नये. तेलगावच्या चौफुलीवर सल्ला घ्यायचाच असेल, तर दोनशेवाल्यांना बेलाशक विचारावं. दुसऱ्याच्या सायकलीचं माप त्यांचं कधी चुकत नाही.