क्लच दाबा, आता सोडा

जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, की ते गिअरबॉक्सवाले काका समजावेत. पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त, अंगावर अजून कंपनीचाच शर्ट, खिशात पेनाच्या जागी व्हर्निअर.

काकांना ऐकू जरा कमी येतं. काकूंनी तिसऱ्या मजल्यावरून जेवायला मारलेल्या हाका त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. गेटातून शिरणाऱ्या तुमच्या गाडीची घरघर मात्र बरोबर पोचते. मग हात आडवा येतो. "न्यूट्रलला टाका. क्लच दाबा. गेला आवाज? आता सोडा. आला? इनपुट शाफ्टचं बेअरिंग!" क्लच दाबल्यावर आवाज आला असता, तर दोष रिलीज बेअरिंगचा निघाला असता आणि काकांचा चेहरा उतरला असता. त्यात गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पण उघडायला मिळत नाही.

"गॅरेजला दाखवतो," असं म्हणण्याची चूक करू नये. जन्मदात्रीला वृद्धाश्रमात सोडायला निघाल्यासारखे ते तुमच्याकडे पाहतात.

त्यांची स्वतःची गाडी अर्थात मारुती ८००. कारखान्यानं ती २०१४ च्या जानेवारीत बंद केली. काकांची त्याला अद्याप संमती नाही. तिच्यात बारीकशी कुरकुर ऐकू आली, की त्यांच्या अंगात दहा वर्षं कमी झाल्याचं बळ येतं. इंजिनाला खालून आधार, अ‍ॅक्सल बाहेर, गिअर ऑइल परातीत. त्या तेलाचा गंधकी वास लिफ्टमधून थेट पाचव्या मजल्यापर्यंत जातो आणि सेक्रेटरींची नोटीस तितक्याच वेगानं खाली येते. काका तिकडे लक्ष देत नाहीत. ते ड्रेन प्लगच्या लोहचुंबकाला चिकटलेला करडा चिखल दोन बोटांत चोळत असतात. "नुसती पूड असेल तर वय झालं म्हणायचं. ही बघ, खपली! बेअरिंग गेलं."

हे ऐकायला तळमजल्यावरचा एक मुलगा धरून आणलेला असतो.

"शाखा कुठली?"

"कंप्युटर, काका."

"असू दे. टॉर्च धर. ६२०५ बेअरिंगचं भोक किती?"

मुलगा गुगलकडे वळतो. "शेवटचे दोन आकडे, गुणिले पाच. पंचवीस मिलिमीटर. चार वर्षं काय शिकवतात रे?"

तेवढ्यात सर्कलिप प्लायरमधून निसटते, टण्णकन शेजारच्या गाडीवर आपटते आणि दिसेनाशी होते. शोधमोहिमेत वॉचमनही सामील होतो. असल्या प्रसंगी काका जे बोलतात, ते काकूंना ऐकू जात नाही हे बरं.

पण बेअरिंग बसवण्याची वेळ आली, की हाच माणूस एकदम हळुवार होतो. हातोडीचं नाव काढू देत नाही. "बाहेरच्या कड्यावर ठोकलंस तर मार गोळ्यांना बसतो. खळगे पडतात. नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून रडायला लागतं." म्हणून शाफ्ट रात्रभर फ्रीजरमध्ये, मटारांच्या शेजारी, आणि बेअरिंग कढईतल्या तेलात. सुनेनं केकसाठी आणलेला थर्मामीटर ११० दाखवतो. १२० च्या वर गेलं, की पोलादाचं पाणी उतरायची भीती. काका झाऱ्या घेऊन ओट्याशी उभे. इतक्या तापवण्यानं पंचवीसचं भोक फुगतं जेमतेम दोन शतांश मिलिमीटर. पण तेवढ्यावर काम होतं. फडक्यात धरलेलं बेअरिंग शाफ्टवर ठेवलं, की आपणहून खाली सरकतं आणि 'टक्' करून खांद्याला टेकतं. काका मान वर करून सगळ्यांकडे पाहतात. टाळ्या कुणी वाजवत नाही. काकू एवढंच विचारतात, की त्या कढईतल्या पुऱ्या आता कोण खाणार.

हिशेब विचारू नये. पुलर, सर्कलिप प्लायर, टॉर्क रेंच आणि नवी कढई धरली, तर गॅरेजवाला स्वस्त पडला असता. तो हातोडीनं ठोकतो, एवढं म्हणून काका विषय संपवतात. खरं सांगायचं तर, या मुद्द्यावर ते चुकत नाहीत.

पुढच्या रविवारी सेक्रेटरी स्वतःची गाडी घेऊन पार्किंगमध्ये रेंगाळतात. "काका, न्यूट्रलला जरा घुंई येतंय. क्लच दाबला की थांबतं."

काका चष्मा पुसतात. "त्या नोटिशीच्या चार-पाच प्रती काढून आणा. खाली पसरायला कागद लागेल."