शांततेचं गिऱ्हाईक

मनिलात जोडून सुट्ट्या आल्या की एक जमात उठून चालू लागते. एरवी या जमातीतला गृहस्थ मकातीतल्या काचेच्या इमारतीत रात्रपाळीला बसून अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांची बिलाची भांडणं मिटवतो आणि सकाळी एडसा रस्त्याच्या कोंडीत उभ्याउभ्या झोपतो. सुट्टीच्या आदल्या रात्री मात्र तो पाठीला सॅक लावून कुबाओच्या बस स्टँडवर हजर! कुठे निघालास, असं विचारलं तर म्हणतो, ‘‘गावाकडे. शांततेसाठी.’’ मनिला सोडून उरलेला सात हजारांवर बेटांचा देश त्याच्या लेखी एकच मोठं गाव आहे.

शांतता कशी हवी, हे त्याचं ठरलेलं असतं. माणसं कमी, हवा गार आणि वायफाय दणदणीत.

रात्रभर बसमध्ये आखडून तो डोंगरातल्या सगादाला पोचतो. तिथल्या कड्यावर टांगलेल्या शवपेट्या त्याला फार आवडतात. त्याला हवे तसे शेजारी तेवढेच. 2014 साली आलेल्या ‘दॅट थिंग कॉल्ड तदहाना’ सिनेमात प्रेमभंग झालेली नायिका याच गावी येते. तेव्हापासून निम्मी मनिला मन मोकळं करायला इकडे धावते. आपला गृहस्थही भल्या पहाटे त्या गर्दीत उभा राहून सूर्योदयाची वाट पाहतो आणि शेजारच्याला म्हणतो, ‘‘पर्यटकांनी वाट लावली हो या गावाची!’’

लुकबानला जायला तो नेमका 15 मे निवडतो. त्या दिवशी पाहियासचा सण असतो. घरांच्या दर्शनी भिंती भाज्या, फळं आणि तांदळाच्या रंगीत पापडांनी मढवलेल्या असतात आणि रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. तिथे केळीच्या पानावर नूडल्स मिळतात. पान उचलून थेट तोंडाला लावायचं, अशी रीत. हा खिशातून काटा काढतो.

खरी परीक्षा मुक्कामाला. पहाटे चारला झुंजीचा कोंबडा आरवतो. मालकाने त्याला पोटच्या पोरापेक्षा लाडात वाढवलेलं असतं, त्यामुळे ‘जरा गप्प करा’ म्हणायची सोय नाही. मग साइडकार जोडलेल्या ट्रायसिकली फटफटू लागतात. दुपार कलली की व्हिडिओके. नाणं टाका, माइक धरा, सूर सोडा. यंत्र शेवटी गुण देतं आणि बेसुऱ्यालाही नव्वदच्या खाली उतरवत नाही. या यंत्राचं एक पेटंट रोबेर्तो देल रोसारिओ नावाच्या फिलिपिनो गृहस्थांचंच होतं. आता तक्रार करायची कुणाकडे?

धबधब्याची वाट विचारली तर दारातली लोला, म्हणजे आजी, हात न उचलता ओठांचा चंबू करून दिशा दाखवते. ‘‘लांब आहे का?’’ ‘‘छे, इथेच तर!’’ मग एक टेकडी आणि दोन ओढे ओलांडल्यावर ‘इथेच’ कुठवर जातं ते त्याला कळतं. परतताना कुणीतरी ताटावरून हाक मारतं, ‘‘या, जेवायला!’’ हसून ‘चालू द्या’ म्हणायचं असतं. हा ताटाचा फोटो काढतो.

गंमत म्हणजे, याला स्वतःचंही गाव आहे. आईवडील तिथूनच मनिलाला आले. पण तिकडे तो फिरकत नाही. तिथे पाऊल टाकताच मावशी म्हणणार, ‘‘जाड झालास की रे!’’ दुसरी विचारणार, ‘‘लग्न कधी?’’ तिसरीला पगार ऐकायचा असतो. परक्या गावात निदान वजनाचा विषय निघत नाही.

आणि एखाद्या दुपारी त्याला हवी ती शांतता मिळतेही. गल्ली रिकामी, दारात लोला, मांडीवर पेंगणारा नातू. ‘इथे काळ थांबलाय,’ असं लिहून तो फोटो टाकतो. त्या नातवाचे आईबाप कुठे आहेत, हे तो विचारत नाही. कुणी मनिलात, कुणी दुबईत, कुणी जहाजावर. कमावती माणसं पोटामागे निघून गेली, म्हणून गल्ली शांत आहे. त्याचे आईवडीलही असेच निघाले होते. त्याच्या गावातली शांतता त्यांच्यापासूनच सुरू झाली.

तेव्हा बाबा रे, पुढच्या सुट्टीत मुकाट्याने आपल्या गावी जा. मावश्यांची बोलणी खा, नाणं टाकून एक गाणं बेसूर म्हण. शांतता त्या गावाकडे गरजेपेक्षा जास्त आहे. थोडा गोंगाट तूच घेऊन जा.