पेन्शन सुरू करण्याची शास्त्रोक्त पद्धत

राज्य सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर पेन्शन कधीपासून लागू होते, याचे नियमातले उत्तर सोपे आहे: दुसऱ्याच दिवसापासून. ती हातात कधी पडते हा वेगळा विषय असून प्रस्तुत मार्गदर्शन त्यासाठीच आहे. (१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नोकरीला लागलेल्यांचे पुराण निराळे, त्यांनी इथे वेळ घालवू नये.)

जन्म शक्यतो १ जूनला घ्यावा. हे अवघड नाही. आधीच्या पिढीतल्या असंख्यांनी तो पहिलीत नाव घालताना गुरुजींच्या मदतीने घेतलेला आहे. एक तारखेचा माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला तुमच्याबरोबर अर्धी कचेरी शाल-श्रीफळ घेऊन बाहेर पडते. अडचण एवढीच की तुमची केस ज्यांच्या टेबलावर आहे, ते मोठे बाबूही त्याच घोळक्यात असतात.

नियमाप्रमाणे कागदांची तयारी निवृत्तीच्या दोन वर्षे आधी सुरू व्हावी आणि केस सहा महिने आधी महालेखापालांकडे, म्हणजे 'एजी'ला, पोचावी: मुंबईला, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्यांची नागपूरला. आस्थापना शाखेला या नियमाची पूर्ण कल्पना असते. तुम्ही आठवण केली की तीही 'हो, हो, करायचंय' म्हणते.

आता सेवापुस्तक मागून घ्या आणि खुर्चीत बसूनच उघडा. कव्हर सुटलेले, शिवण उसवलेली, मधली पाने बोटाला चिकटणारी. दरवर्षीच्या सेवा पडताळणीच्या नोंदीखाली अधिकाऱ्याची सही लागते, आणि एका वर्षाची हमखास नसते. ते साहेब केव्हाच बदलून गेले, मग निवृत्त झाले, आणि बहुधा स्वतःच्याच एखाद्या राहिलेल्या सहीसाठी कुठल्यातरी बाकावर बसलेत. मग त्या वर्षी होतात त्या तालुक्याला जाऊन जुनी पगारबिले शोधायची. ती माळ्यावर असतात. माळ्याची किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई निवडणुकीच्या कामावर.

सही मिळाली की पुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जाते. पाचव्या, सहाव्या, सातव्या आयोगाची वेतननिश्चिती तिथे तपासतात आणि एखादी वेतनवाढ आपल्याला भलत्याच तारखेला मिळाली होती हे आपल्याला प्रथमच कळते. याला अतिप्रदान म्हणतात, वसुली तुमच्याकडून. गट क आणि ड मधल्यांनी अशी वसुली अडवणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा रफीक मसीह निकाल पिशवीत ठेवावा. वाचून दाखवावा लागत नाही, नुसता टेबलावर ठेवला तरी समोरून खुर्ची पुढे सरकते.

एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र, ना-देय दाखला, चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला, पती-पत्नीचा जोडफोटो हे सगळे लावूनही केस 'त्रुटीत' निघू शकते. खचू नये. फोन करून 'केस कुठंय?' विचारल्यावर 'टपालात आहे' असे उत्तर आले, तर ती अजून बांधलेलीच नाही असे समजून डबा घेऊन निघावे.

तोवर उपाशी राहायची गरज नाही. केस अडकली असेल तर कार्यालयप्रमुखांना सुरुवातीला सहा महिन्यांसाठी तात्पुरते निवृत्तिवेतन देता येते. हे कोणी आपणहून सांगत नाही. लेखी अर्ज द्यावा, आवक शिक्का आपल्या प्रतीवर मारून घ्यावा. या लेखातली थट्टा विसरलात तरी चालेल, हा शिक्का विसरू नका.

शेवटी पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, येतो. कोषागारात (मुंबईत असाल तर अधिदान व लेखा कार्यालयात) स्वतः जाऊन ओळख पटवायची असते. चाळीस टक्क्यांपर्यंत अंशराशीकरण केले असेल, म्हणजे पेन्शनचा तेवढा भाग आधीच एकरकमी घेतला असेल, तर ती कापलेली पेन्शन पंधरा वर्षांनी पूर्ववत होते, हे तिथे मनातल्या मनात आपल्या वयात मिळवून पाहावे. एवढे झाल्यावर ३१ मेच्या माणसाची पहिली पेन्शन ऑक्टोबरात जमा झाली, तर पेढे बेताचेच आणावेत. पुढचा महिना नोव्हेंबर आहे आणि आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा आहे. यादी बँकेत येते. नावासमोर सही करायची. पेन आपले न्यावे.