आपलंच हाय जी

रात्री अकराला फोन वाजला की घाबरायचं वय झालंय माझं. उचलला, तर प्रागहून भाचा ओरडत होता, "मामाजी, बाटा भेटला जी!" झोपेत मला वाटलं, त्याच्या वर्गातला हरवलेला कुणी पोरगा सापडला. बाटा म्हणजे जोड्यांचं दुकान, हे डोक्यात शिरायला अर्धा मिनिट गेला.

ही जात तुम्हाला ठाऊक आहेच. सातासमुद्रापार शिकायला जायचं आणि तिथे शोधायचं काय, तर जे इथे सोडून गेलो तेच. (झेक देशाला समुद्र लागतच नाही, पण बपेऱ्यात असंच सांगावं लागतं.)

आमचं बपेरा म्हणजे तुमसर तालुक्याचं टोक. बावनथडीचा पूल ओलांडला की मध्य प्रदेश. पलीकडच्या राज्यातून तेल-साबण आणण्यात इथल्या पोराला काही नवल वाटत नाही. त्यामुळे दुकान कोणाच्या मुलखात आहे, हा प्रश्न भाच्याला कधी पडलाच नाही. लोक किल्ल्यांचे, पुलांचे फोटो पाठवतात, हा पाट्यांचे पाठवतो आणि खाली लिहितो, "आपलंच हाय जी."

प्रागमध्ये रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी किराणा दुकानं बरीचशी व्हिएतनामी लोकांची. पहिल्याच आठवड्यात भाच्याला त्यातलं एक दिसलं. गल्ल्यावर बाप, बाजूला गृहपाठ करणारं पोरगं, सामान छतापर्यंत. फोटोखाली मजकूर: "सिहोऱ्याचा किराणा. आपलंच हाय जी." मग त्याला सापा नावाचा त्यांचा मोठा बाजार सापडला. तिथे एक तांदळाची गोणी उघडी होती. तुमसरच्या धानाच्या बाजारात वाढलेला माणूस तो, हात घातल्याशिवाय राहतो होय? मूठ भरली, वास घेतला, दाणा दाताखाली धरून पाहिला. दुकानवाली बाई काहीतरी बोलली.

"रागावली काय गा?" मी विचारलं.

"आपल्या बाया बोलते तशीच बोलली. आपलीच हाय जी."

तर बाटा. वेन्सेस्लास चौकातली ती काचेची इमारत 1929 ची. मी पडलो निवृत्त मास्तर, गप्प बसवेना. म्हटलं, "अरे बाबू, बाटा मुळात त्यांचाच. टोमाश बाटानं 1894 साली झ्लिन गावात धंदा सुरू केला. कोलकात्याजवळचं बाटानगर 1934 चं. तू आपल्या नाही, त्यांच्या दुकानात उभा आहेस."

पलीकडे जरा शांतता. मग आवाज आला, "म्हंजे त्यायच्याकडेबी आपलंच चालते म्हणा की."

याच्यापुढे काय बोलणार! नऊवर संपणाऱ्या किमतीला झेक लोक बाटाची किंमत म्हणतात, हे कळल्यावर तर त्याला उकळ्या फुटल्या. सुट्टीत तो झ्लिनलाही जाऊन आला. तिथल्या 1938 च्या उंच इमारतीत मालकाचं ऑफिस चक्क लिफ्टमध्ये, आत हात धुवायला नळासकट. आपल्याकडे एका दाखल्यासाठी माणूस वर-खाली करतो, तिथे साहेबाच्या खोलीलाच वर-खाली करायची सोय! वाटलं, हे तरी त्याला परकं वाटेल. फोटो आला, पण खाली अक्षरही नव्हतं. पहिल्यांदाच मला बरं वाटलं.

एक मात्र कळेना. दर रविवारी हा त्या दुकानासमोर जातो, पण घेत काहीच नाही. मी चिडून ताईला विचारलं, "तुझ्या पोराला जोडे घ्यायचे नाहीत तर तिथे करतो काय?"

ताई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, तो पाचवीत गेला त्या वर्षी धान विकल्यावर भाऊजी त्याला नागपूरला घेऊन गेले होते. सीताबर्डीच्या बाटात शाळेचे काळे जोडे घेतले, वाढत्या पायाचे, दोन नंबर मोठे. पुढे कापूस कोंबून त्याने ते वर्षभर घातले. त्या दिवशी भाऊजींनी स्वतःसाठीही एक चामड्याची चप्पल उचलली होती. उलटी केली, किंमत पाहिली, जिथली तिथे ठेवली. घरी आल्यावर पोराने आईला एवढंच सांगितलं, "किमतीत शेवटी नऊ होता."

भाऊजी अजूनही रबरी चप्पल घालूनच बांधावर जातात. नंबर आठ. मला माहीत नव्हता. भाच्याने मागच्या महिन्यात विचारला, म्हणून मोजला.

तुमच्यापैकी कोणी प्रागला गेलात, तर रविवारी त्या काचेसमोर एक काळासावळा पोरगा उभा दिसेल. त्याच्याशी खुशाल बोला. फक्त ते दुकान झेकांचं आहे, असं त्याला सांगू नका. मी सांगून बसलोय.