पेंग्विन सर

लग्नाच्या जुन्या कॅसेटची डीव्हीडी करून देणारे नांदेडातही मिळतात, लातुरातही मिळतात. पण ‘पैसे नकोत, आणि चोरीच्या सॉफ्टवेअरला मी हात लावणार नाही’ असं बजावणारा गावात एखादाच असतो. त्याला सर म्हणतात. कुठल्याशा क्लासमध्ये तो कॉम्प्युटर शिकवतो म्हणून. शिवाय आमच्या मराठवाड्यात खिशाला दोन पेनं दिसली की माणूस सर होतोच. इतरांच्या स्कूटीवर देवाचं नाव असतं तिथे याच्या स्कूटीवर लिनक्सचा पेंग्विन असतो.

सरांची आणि लिनक्सची सोयरीक टपालाने जमली. उबुंटू नावाच्या लिनक्सच्या सीड्या तेव्हा परदेशातून फुकट घरपोच यायच्या. २०११ मध्ये ती सोय बंद झाली, पण तोवर एवढी पाकिटं आली होती की सरांचा मुलगा परदेशात आहे अशी पोस्टमनची खात्री पटली होती. सरांचं तेव्हा लग्नही व्हायचं होतं.

लग्नं मात्र त्यांनी लोकांची भरपूर बघितली. तीन तासांची व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घ्यायला तीनच तास लागतात, ती पुढे पळवता येत नाही. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं बसून बघावं लागतं. कुठल्या लग्नात कोणता मामा आहेरावरून रुसला, कुणी पंगतीतून ताट सारून उठलं, हे सरांना त्या घरातल्यांपेक्षा पक्कं माहीत. अडीच तास झाले की लाइट जाते. सर शिव्या देत नाहीत. कॅसेट मागे घेतात आणि मामाला पुन्हा रुसू देतात.

खरं काम पुढे सुरू होतं. डीव्हीडीसाठी चित्र एमपेग-टू मध्ये बसवायचं, आवाज ४८ किलोहर्ट्झला आणायचा, मग मेन्यू जोडून व्हीओबी आणि आयएफओ फायली पाडायच्या. याचं मूळ हत्यार डीव्हीडीऑथर. त्याला खिडकी नाही की बटण नाही. काय कुठे हवं ते एक्सएमएलच्या फायलीत हाताने लिहून द्यायचं. ज्यांना एवढा वेळ नाही त्यांच्यासाठी देवेदे आहे, डीव्हीडीस्टायलर आहे. त्यांतलं कुठलंही घेतलं असतं तर काम दुपारच्या चहापर्यंत उरकलं असतं, आणि सर तेच घेत नाहीत. “त्यात मेन्यूची हौस भागत नाही वो,” म्हणतात. मग मेन्यूसाठी दुसरं टूल, त्या टूलसाठी तिसरी लायब्ररी, ती लायब्ररी नव्या उबुंटूत चालत नाही म्हणून बाजूला एक जुनं उबुंटू. माझं मत विचाराल तर सरांना डीव्हीडीची ओढ मुळी नाहीच. ओढ आहे ती अजून न सापडलेल्या टूलची. कुणाची तरी कॅसेट हे त्यासाठी निमित्त.

एकदा सगळं जुळलं तरी डीव्हीडीऑथर अडून बसतो: टीव्हीची पद्धत पाल की एनटीएससी ते आधी सांगा. “पाल! पाल राहिली!” सर ओरडले, आणि कॅसेट घेऊन आलेल्या मावशी पदर सावरून ट्यूबलाइटकडे बघू लागल्या.

गिऱ्हाइकाला समजावून सांगण्यात सरांचा हात कुणी धरणार नाही. कोऱ्या चकतीवर ४.७ जीबी छापलेलं असतं आणि कॉम्प्युटर ४.३८ दाखवतो, कारण कंपनी हजाराने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ ने. हे त्यांनी लातूरच्या एका अडत्याला अर्धा तास सांगितलं. “म्हणजे मापात मारलं म्हणा की,” अडत्या म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याला कॉम्प्युटर हा आपल्यातला वाटला. टू-पास एन्कोडिंग सांगताना सर अभ्यासाचा लातूर पॅटर्न काढतात: पहिल्या फेरीत पोरगं नुसतं पुस्तक चाळतं, कुठे अवघड आहे ते बघतं, दुसऱ्या फेरीत तिथे जास्त वेळ देतं. चित्र एमपेग-टू मध्ये बसवणारा एफएफएमपेग तेच करतो, फक्त हॉस्टेलची फी घेत नाही.

चेष्टा करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ च्या जुलैत थांबली. त्या उन्हाळ्यापासून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, त्यामुळे फुनाईच्या बातमीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. सरांचं गेलं. भंगारवाल्यांकडचे व्हीसीआर त्यांनी तेव्हाच उचलले. आज बुरशी आलेली कॅसेट उघडून, फीत पुसून चालवून देणारा माणूस शोधला तर बोट त्यांच्याच दाराकडे जातं.

मागे एका घरची डीव्हीडी अखेर तयार झाली. कॅसेट दिली तेव्हा मुलगी बारावीला होती, आई-बाबांचं लग्न बघायचं म्हणत होती. डीव्हीडी आली तेव्हा तिच्याच लग्नाची यादी झाली होती. मेन्यूत तोरण होतं, मागे सनई वाजत होती. घरात डीव्हीडी प्लेअर नव्हता. लॅपटॉपला चकती घालायची जागा नव्हती.

“सर, पेनड्राइव्हवर देता का?” मुलगी म्हणाली.

“पेनड्राइव्हला मेन्यू कुठला?”

“मग व्हॉट्सॲपवर मावंल एवढी बारीक करून द्या की.”

तीन तासांचं लग्न, तेही व्हॉट्सॲपवर. सर गप्प झाले. मग खिशातलं एक पेन निघालं, चकतीच्या पाकिटावर बिटरेटचा हिशोब सुरू झाला.

“होईल,” सर म्हणाले. “फक्त त्याला एक टूल शोधावं लागंल.”