क्षणात चिकटणाऱ्या थेंबास अनावृत पत्र

सकलवस्तुसंधायक, पाच सेकंदांत प्रसन्न होणाऱ्या, पानाच्या टपरीपासून मॉलच्या काउंटरपर्यंत सर्वत्र लटकलेल्या श्रीमान थेंबास,

सा. न. वि. वि.

आपलं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. चष्म्याची काडी मोडली, बोलवा थेंबाला. खेळण्यातल्या मोटारीचं चाक निखळलं, मिक्सरच्या झाकणाची मूठ आली हातात, बादलीला गेला तडा, बोलवा थेंबाला. तुटलेली वस्तू कशाची बनली आहे, हा प्रश्न आपण घराघरांतून कायमचा हद्दपार केलात. त्याबद्दल आभार मानायला हे पत्र लिहायचं होतं. पण आपण जोडलेल्या वस्तू आठवड्याभरात नेमक्या त्याच जागी पुन्हा तुटलेल्या दिसतात, त्यामुळे आभारांचा सूर थोडा बदलला आहे. माझं म्हणणं एवढंच, की प्लॅस्टिकची दुरुस्ती त्या हद्दपार प्रश्नापासूनच सुरू होते, आणि तो न विचारता लावलेला कुठलाही थेंब म्हणजे नुसता नवस.

आपल्या कुळाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९४२ मध्ये अमेरिकेत ईस्टमन कोडॅकच्या हॅरी कूव्हर यांना बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक हवं होतं. हाती आलं सायनोअ‍ॅक्रिलेट. ते ज्याला त्याला चिकटत होतं, म्हणून बाजूला पडलं. १९५१ मध्ये त्यांच्याच देखरेखीखाली ते पुन्हा समोर आलं, तेव्हा चिकटणं हाच त्याचा गुण आहे हे ध्यानात आलं, आणि १९५८ मध्ये ते बाजारात उतरलं. आपण घट्ट होता ते पृष्ठभागावरच्या ओलाव्यामुळे. म्हणूनच कपापेक्षा कप धरणाऱ्या घामट बोटांवर आपला जीव जास्त. आपण दोन तुकड्यांच्या मध्ये उभे राहता आणि एक हात याला, एक हात त्याला देता. व्यवहार जमतो, पण दोन्ही पक्ष एकमेकांना कधी भेटतच नाहीत. दलालाचं हेच असतं. सरळ ओढलं तर आपण भरपूर ताण सोसता, पण वस्तू पडली, वाकली किंवा कडेने सोलल्यासारखी ओढली गेली, की आपला ठिसूळपणा उघडा पडतो. आणि घरातल्या वस्तू सरळ ओढल्या जातात कधी? त्या पडतात आणि वाकतात.

आता आपले एक दुर्लक्षित भाऊबंद पाहू. दुकानात त्यांचं नाव सॉल्व्हंट सिमेंट, प्लंबरच्या तोंडी नुसतं ‘सोल्युशन’. ते खरं तर चिकटवतच नाहीत. विमानांच्या, जहाजांच्या मॉडेलचे संच बहुधा पॉलिस्टायरीनचे असतात. त्यांचे दोन भाग कोरडेच जुळवून धरायचे आणि पातळ सिमेंटमध्ये बुडवलेला ब्रश सांध्याला नुसता टेकवायचा. द्रव फटीतून आपसूक धावत जातो. दोन्ही कडा मऊ होतात, आणि प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या मोकळ्या होऊन समोरच्या भागात शिरतात. अशा साखळ्या सापासारख्या सरपटत पुढे जातात, हे भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी १९७१ मध्ये मांडलं. पुढे १९९१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, अर्थात एवढ्याशा सांध्यासाठी नव्हे. मग द्रावक उडून जातं आणि मागे राहतं फक्त प्लॅस्टिक, दोन्ही बाजूंचं, एकमेकांत गुंतलेलं. तिसरं कुणी उरतच नाही.

हे नुसतं पुस्तकी वाटत असेल, तर सांध्यावर पॉलिशपेपर फिरवून बघावा. भाग हलके दाबले की मऊ झालेल्या प्लॅस्टिकची एक बारीक दोरी सांध्यातून वर येते. तिला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी ती खरवडून घासली की रेघ नाहीशी होते, कारण रेघ आणि भोवतालचा भाग एकाच पदार्थाचे असतात. आपला सांधा मात्र दिवसभर ठेवला की पॉलिस्टायरीनहून कडक होतो. पेपर आजूबाजूचं मऊ प्लॅस्टिक खातो आणि आपण मधे वरंब्यासारखे उभे राहता. शिवाय आपल्या वाफेने जवळच्या भागावर पांढरट धुरकट थर बसतो तो वेगळाच. विमानाच्या पारदर्शक काचेवर तो बसला की वैमानिक कायमचा धुक्यात.

मॉडेल म्हणजे रिकाम्या वेळेचे चाळे, असं आपण म्हणाल. ठीक, मग इमारतीच्या गच्चीवर चला. टाकीतून खाली येणाऱ्या पीव्हीसीच्या पाइपला एल्बो, टी, कपलर कोण जोडतं? त्या डबीत टेट्राहायड्रोफ्यूरान, सायक्लोहेक्झानोन, मिथाइल इथाइल कीटोन अशी द्रावकं असतात आणि त्यांत थोडं पीव्हीसीही विरघळवलेलं असतं, म्हणजे बारीकशी फट असली तरी भरून निघते. पाइप काटकोनात कापायचा, कडा घासायची, दोन्ही भाग पुसून कोरडे करायचे, दोन्हींना सोल्युशन लावायचं, आत ढकलताना पाव फेरा द्यायचा आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचं, नाहीतर पाइप हळूच मागे सरकतो. गरम पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपला त्याचं सोल्युशन वेगळं. हे सांधे वर्षानुवर्षं पाण्याचा दाब सोसतात. गळतात ते बहुधा ओल्या पाइपला सोल्युशन फासून दहा मिनिटांत वॉल्व उघडला म्हणून. ही घाईची सवय समाजाला कुणाच्या पाच सेकंदांनी लावली, ते मी आपल्यासमोर काय सांगावं!

यावर आपला हुकमी आक्षेप मला ठाऊक आहे: हे सोल्युशन बादलीला लावून दाखवा. नाही लागत, कबूल. बादल्या, खुर्च्या, डब्यांची झाकणं बहुतेक पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथिनची असतात. त्यांच्या साखळ्या घट्ट रचून बसलेल्या असतात, आणि साध्या तापमानाला नेहमीचं कुठलंच द्रावक त्यांना हलवू शकत नाही. पण तिथे आपणही धड टिकत नाही, कारण त्यांच्या पृष्ठभागावर कुणालाच नीट पकड मिळत नाही. फरक इतकाच, की सोल्युशन लगेच हरतं आणि आपण दोन दिवस जिंकल्याचा देखावा करता. बादलीचा तडा बुजवायला तापवलेली सळई लागते, थेंब नव्हे.

‘सामान्य माणसाने आता रसायनशास्त्र शिकायचं का?’ हाही आक्षेप येईल. गरज नाही. तुकडा पाण्यात टाकावा. पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलीन तरंगतात, तर भरीव पॉलिस्टायरीन, एबीएस, पीव्हीसी बुडतात. वस्तू उलटी करून पाहावी. १९८८ पासून चालत आलेल्या बाणांच्या त्रिकोणात ३ म्हणजे पीव्हीसी, ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. ७ म्हणजे ‘इतर’, आणि त्यात बिचारं एबीएसही कोंबलेलं आहे, जे अ‍ॅसिटोनने सुरेख जुळतं. आणि घट्ट झाल्यावर आपल्यालाही मऊ करतो तो हाच अ‍ॅसिटोन, म्हणजे भाऊबंदांच्याच घरचं द्रावक.

वाफेचा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही. ही द्रावकं डोक्यात जातात, पेट घेतात. अ‍ॅक्रिलिक जोडायला वापरलं जाणारं डायक्लोरोमिथेन तर इतकं घातक, की अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती वापराच्या रंग काढणाऱ्या रसायनांत त्याला बंदी केली. तेव्हा खिडकी उघडी हवी, जवळ ज्योत नको, डबी मुलांच्या हाती नको. शिवाय एकदा वितळून एक झालेले भाग पुन्हा सुटे होत नाहीत. चुकीच्या कोनात बसलेला पंख जन्मभर चुकीच्याच कोनात. जुनी, मोलाची वस्तू असेल तर एवढ्यासाठीच सोल्युशन दूर ठेवावं. आणि कपाचा कान, धातूचा बारीक भाग, रबराची कड इथे आपलं राज्य निर्विवाद आहे. तिथे सोल्युशनला कुणी विचारत नाही, विचारूही नये.

म्हणून मागणी दोनच. आपल्या पाकिटावर पुढे ठळक अक्षरांत ‘सर्व काही’ असतं, आणि पॉलिथिन, पॉलिप्रोपिलीनला चालत नाही ही कबुली पुष्कळदा मागे मुंगीच्या अक्षरांत. हे मजकूर आपसांत बदलून घ्यावेत. दुसरी मागणी वस्तू बनवणाऱ्यांकडे आहे, आपण शब्द टाकलात तर ते ऐकतील: गाड्यांच्या आणि यंत्रांच्या भागांवर आतल्या बाजूला दोन कोनी कंसांत प्लॅस्टिकचं नाव उमटवतात, तसं ते मिक्सरच्या झाकणावर आणि खेळण्याच्या पोटाशीही उमटवावं, म्हणजे खोक्यातून थेंब काढायचा की सोल्युशन, हे चष्मा लावून वाचता येईल.

कळावे, लोभ आहेच. तो आपण जरा आवरावा ही विनंती.

आपला,
एक ग्राहक